आमच्या घराला न चालणारी सुई

आमच्या घरात दाताची सुई चालत नाही, हे मला कोणी मुद्दाम शिकवलं नाही. काही घरांत शनिवारी लोखंड आणत नाहीत, काही घरांत अमुक एक भाजी शिजवत नाहीत, तसंच बदलापूरजवळच्या आमच्या चामटोलीच्या घरात दात काढताना सुई घेत नाहीत. कारण विचारलं की एकच उत्तर मिळायचं, "मोठी आत्या त्यानंच गेली." मोठी आत्या म्हणजे माझ्या वडिलांच्या पाठची बहीण. तिचं लग्न ठरलं होतं. दाढ दुखायला लागली म्हणून तिला उल्हासनगरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं, त्यानं हिरडीत सुई टोचली आणि ती गेली. ही गोष्ट मी नेहमी एवढीच ऐकली होती. त्या गोष्टीत आणखी काही असेल असं मला कधी वाटलंच नाही.

हे सगळं माझ्या जन्माआधीचं. पण त्याचे परिणाम मी डोळ्यांनी पाहिले. बाबांनी आपल्या बहुतेक दाढा सुई न घेता उपटून घेतल्या. त्यातली एक वेळ मला आठवते. मी शाळकरी होते. बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून सुट्टी टाकून दुपारीच घरी आले आणि ओट्यावर बसले. तोंडात पंचा कोंबलेला. बोलत नव्हते, कण्हतही नव्हते, पण उजवी मूठ इतकी आवळलेली होती की आईनं ती एकेक बोट धरून सोडवली. मला त्यांचा अभिमान वाटला होता. आपले बाबा किती सोशीक, असं मी वर्गात सांगितलंसुद्धा.

आता मी शेहेचाळीस वर्षांची आहे, बदलापूरला शिरगावात राहते आणि अंबरनाथ पूर्वेला रक्ततपासणीच्या एका लॅबमध्ये काउंटरवर बसते. दिवसभर माझ्यासमोर लोकांच्या हातांत सुया जातात. घाबरलेल्या माणसाला "मुंगी चावल्यासारखं वाटेल, तिकडे बघू नका" असं मीच सांगते. त्यामुळे गेल्या वर्षी माझी खालची अक्कलदाढ ठणकायला लागली, तेव्हा मला वाटलं होतं की मी सरळ जाऊन ती काढून घेईन.

लॅबपासून जवळच, फरसाणाच्या दुकानावरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. डॉक्टर माझ्याहून लहान, ठसक्यात बोलणारी मुलगी. तिनं फोटो काढला आणि दाढ आडवी झोपल्याचं पडद्यावर दाखवलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला, "कशाची अ‍ॅलर्जी?"

"दाताची सुई आमच्या घराला चालत नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं हातातलं काम थांबवलं. "तुम्हाला आधी कधी दिली होती?"

"नाही."

"मग कोणाला त्रास झाला?"

"माझ्या आत्याला. ती गेली त्यात."

"काय झालं होतं नक्की? श्वास अडकला? अंगावर गांधी उठल्या? सुई दिल्यावर किती वेळानं?"

मला यातलं काहीही सांगता येईना. मी नुसती म्हणत राहिले, "सुई दिली आणि गेली." आपण रोज लोकांना प्रश्न विचारतो, उपाशीपोटी आलात का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि आपल्याच घरातल्या मरणाबद्दल आपल्याला एका वाक्यापुढे काही माहीत नाही, हे मला त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा कळलं.

ती हसली नाही, हे मला बरं वाटलं. म्हणाली, "भुलीच्या या औषधाची खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित असते. पण तुम्ही सांगताय ते मी उडवूनही लावणार नाही. घरी नीट विचारा, काय झालं होतं ते. मग ठाण्याला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे पाठवते, ते तपासतील. आणि एक सांगते, ही दाढ सुईशिवाय निघणार नाही. हाड थोडं कापावं लागेल."

त्या रात्री नवऱ्यानं मोबाइल हातात घेतला आणि आमच्या गोंधळात भर पडायला सुरुवात झाली. त्याला कुठल्याशा शहरातला एक व्हिडिओ सापडला, दातांसाठी भूल दिलेलं लहान मूल उठलंच नाही म्हणून आईबाप दवाखान्याबाहेर रडत होते. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं! कोणी म्हणत होतं भुलीनं आठवण जाते, कोणी म्हणत होतं वरच्या दाताची सुई डोळ्यात उतरते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी सहज विचारलं तर एकीनं लवंगतेल सुचवलं, एकानं "मॅडम, शुगर चेक केली का" विचारलं, आणि तळमजल्यावरच्या काकांनी आपल्याला सुई दिल्यावर दोन दिवस तोंड वाकडं राहिलं होतं ते फोटोसकट टाकलं. नवरा रत्नागिरीकडचा, मोजून बोलणारा. तोही शेवटी म्हणाला, "राहू दे ना मग. दाढच आहे."

"ठणकते ती तुझी नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवला. तिनं सांगितलं की त्या मुलाला पूर्ण झोपवलं होतं, ती भूल वेगळी, त्यासाठी भुलीचे वेगळे डॉक्टर लागतात, धोकाही वेगळा. "तुम्ही जाग्या असाल. फक्त तेवढी जागा बधिर होईल." मला समजलं. पण समजलं तरी भीती गेली नाही, ती नुसती जागा बदलून बसली.

रविवारी मी चामटोलीला गेले. बाबा आता एकटेच राहतात, भाऊ शेजारच्या नव्या घरात. ते मागच्या दारी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी विषय काढताच त्यांचे हात थांबले.

"सुई घेव नको," ते म्हणाले. "तुला सांगून ठेवतो, बाय."

"बाबा, पण आत्याला नक्की काय झालं होतं?"

"खुर्चीत बसवली. सुई टोचली. ओठ निले पडले. गेली."

"तिथंच? खुर्चीतच?"

"तिथंच."

"तुम्ही होतात सोबत?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, "मी कारखान्यात पाळीला गेलेलो. बापूस बोलला मना घरी आल्यावर." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले. मी विचारलं, मग तिच्यासोबत कोण गेलं होतं? "बापूस, आन् धाकटी व्हती संगती. पोर व्हती ती. तिला काय समजतंय."

धाकटी आत्या उल्हासनगरला असते. तिचं सासर तिथलंच. आयुष्य सिंधी शेजारात गेल्यामुळे तिच्या बोलण्यात आमची गावची भाषा, हिंदी आणि दुकानदारीचे शब्द एकमेकांत विरघळून गेले आहेत. मी तिच्याकडे वर्षातून अनेकदा जाते, तिच्या हातचे वड्याचे बेत जमवते, लग्नांच्या साड्या तिच्याबरोबर घेते. पण मोठ्या आत्याबद्दल मी तिला कधी एक अक्षर विचारलं नव्हतं.

ती पंख्याखाली बसून तांदूळ निवडत होती. माझा प्रश्न ऐकून तिनं ताट बाजूला ठेवलं.

"खुर्चीत कुठं गेली?" ती म्हणाली. "आम्ही सगळे चालत स्टेशनला आलो ना. घरी आलो. तिनं पेज खाल्ली. तोंड सुन्न होतं तिचं, पेज एका बाजूनं सांडत होती, तर मी हसले आणि ती पण हसली."

मी विचारलं, "मग कधी गेली?"

"नंतर. तीन-चार दिवस गेले असतील, जास्तपण असतील. गळा सुजला. इथून इथपर्यंत." तिनं हनुवटीपासून छातीपर्यंत हात फिरवला. "पाणी उतरत नव्हतं. ताप. मग बापानं बैलगाडी जोडली."

"म्हणजे सुईनं नाही गेली?"

"असं कसं सांगू? सुई दिली ना दवाखान्यात. कमरेत. तापाची. ती दिली आणि थोड्या टायमानं ती गेली. सगळे बोलले, सुईनं गेली."

"म्हणजे ती दुसरी सुई. दाताची नव्हे."

आत्या गोंधळली. तिनं तांदळाचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं, दोन-चार दाणे इकडून तिकडे केले. "दाताची पण दिली असणार. सुन्न होतं ना तोंड. पण मला सुई बघितल्याची आठवण नाही गं. त्यानं कापूस लावलेला मला आठवतो. वास यायचा त्याला. आणि बाहेर आल्यावर बापानं तिला बर्फाचा गोळा घेऊन दिला, रक्त थांबावं म्हणून. मलापण दिला. तिचं तोंड लाल लाल झालं होतं. पण ते रक्तानं की गोळ्यानं, ते आता कसं सांगू?"

"आणि जायच्या आधी? दाढ काढायच्या आधी सूज होती का?"

"गाल तर सुजलेलाच होता. म्हणून तर नेली ना."

मी तिला म्हटलं, "आत्या, हे इतकी वर्षं कोणाला सांगितलं का नाहीस?"

"मला कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं.

बदलापूरला परत येताना माझ्या डोक्यात काहीच जागेवर राहीना. आतापर्यंत एक सुई होती, आता दोन झाल्या होत्या, किंवा एकही नव्हती. गालाची सूज गळ्यात उतरून माणूस जातो, हे लॅबमध्ये बसून मला ऐकून माहीत होतं. म्हणजे तिला सुईनं नाही, दातातल्या पुवानं मारलं का? की कमरेतल्या सुईनं? आणि असं असेल तर बाबांनी इतक्या दाढा पंचा चावून का उपटून घेतल्या? त्यांची ती आवळलेली मूठ मला आठवायला लागली आणि या खेपेला अभिमान वाटेना. काय वाटत होतं तेही सांगता येईना.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. तिनं दोनदा ऐकलं. म्हणाली, जंतुसंसर्ग गळ्यात उतरलेला दिसतो, पण इतक्या वर्षांनी कोणी खात्रीनं सांगू शकणार नाही. तापाची सुई कसली होती कोण जाणे, त्या काळी पेनिसिलिन खूप देत, त्याचीही रिअ‍ॅक्शन येऊ शकते. मी म्हटलं, त्या जातीच्या गोळ्या तर मी लहानपणापासून घेत आलेय, मला कधी काही झालं नाही. "मग त्याचीही भीती नाही," ती म्हणाली. ठाण्याच्या डॉक्टरांनी माझ्या हातावर बारीक टोचून, मग थोडं थोडं औषध देऊन पाहिलं आणि मला बाकावर बसवून ठेवलं. मी हाताकडे टक लावून बसले होते. काही झालं नाही. ना खाज, ना गांधी. माझ्याजवळ आता डॉक्टरांचा होकार होता, आत्याची गोष्ट होती आणि बाबांचा नकार होता, आणि तिन्ही एकाच वेळी खरे वाटत होते.

दाढ काढायच्या दिवशी मी नवऱ्याबरोबर दवाखान्याच्या जिन्याशी पोचले तर बाबा तिथं उभे. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री. त्यांना कोणी सांगितलं, मला माहीत नाही. भावानं सांगितलं असेल.

"घेनार तू?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि आमच्या पुढे जिना चढायला लागले. बाहेरच्या बाकावर अशा जागी बसले की आतलं दार उघडलं तर खुर्ची दिसावी.

सुई टोचल्याचं दुखलं, पण थोडंच. मग औषध आत शिरत गेलं तसं माझं काळीज एकदम धडधडायला लागलं. हातपाय थरथरले. कपाळावर घाम. मला वाटलं, झालं, आता ओठ निळे पडणार. मी हात वर केला. डॉक्टर लगेच थांबली, खुर्ची आडवी केली, नाडी धरली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला.

"श्वास घेता येतोय? खाज येतेय कुठं?"

मी मानेनंच सांगितलं, श्वास ठीक आहे, खाज नाही.

"या औषधात रक्त कमी यावं म्हणून आणखी एक औषध असतं. त्यानं धडधडतं कधीकधी. भीतीनंही असंच होतं. आत्ता कशानं झालं ते मलाही सांगता येणार नाही. आपण थांबू या."

आम्ही थांबलो. तिनं माझा हात सोडला नाही. धडधड हळूहळू उतरली. पण मला आजही माहीत नाही की ती औषधाची होती की मोठ्या आत्याची. मग जीभ जाड झाली, ओठ माझा राहिला नाही, हनुवटीला हात लावला तर दुसऱ्याच कोणाची हनुवटी चाचपल्यासारखं वाटलं. दाढ काढताना मी सगळं ऐकलं. यंत्राची घरघर, मग कट्ट असा आवाज, डॉक्टरचं "झालं, आणखी थोडं." जबड्यावर जोर पडत होता आणि दुखत नव्हतं. हे मला कोणी समजावून सांगितलं होतं, तरी खरं वाटत नव्हतं. इतका जोर, इतका आवाज, आणि दुखणं कुठंच नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टर घाबरून म्हणाली, "दुखतंय का?" मी नाही म्हणून मान हलवली. का रडतेय ते तोंड उघडं असताना सांगता येत नव्हतं, आणि मिटलं असतं तरी सांगता आलं नसतं.

बाहेर आले तेव्हा बाबा उभे राहिले. माझं तोंड एका बाजूला लोंबत होतं, गालात कापूस. त्यांनी जवळ येऊन बघितलं.

"दुखला नाय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"कायच नाय?"

मी पुन्हा मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला वाचता आलं नाही. आनंद होताच. पण त्याच्या मागून आणखी काहीतरी सरकून गेलं, आपल्याला कोणी फसवलं असावं पण कोणी ते कळत नाही, तसं. ते नवऱ्याला म्हणाले, "हिला आइसक्रीम दे," आणि छत्री उचलून गेले.

जखम भरली, टाके निघाले. नंतर एकदा मी धीर करून बाबांना धाकट्या आत्यानं सांगितलेलं सगळं सांगितलं. चालत आली होती, पेज खाल्ली होती, हसली होती. ते ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हंजे माझ्या बापानं मना खोटं सांगितला?"

"खोटं कशाला, बाबा? त्यांनाही कळलं नसेल काय झालं. मुलगी गेली, काहीतरी कारण पाहिजे ना."

ते उठून मागच्या दारी गेले. 

त्यानंतर काही आठवड्यांनी धाकट्या आत्याचा फोन आला. आवाज पडलेला. "तुझा बाप आला होता," ती म्हणाली. "तू विचारलंस तेच विचारलं."

"मग? सांगितलंस?"

"कसं सांगू गं? माझ्यासमोर बसला, डोळे भरलेले. म्हणाला, खरं सांग, सुईनंच गेली ना? मी म्हटलं, हो. ओठ निळे झाले होते म्हटलं."

"आत्या! पण तू मला तर..."

"मला आता समजतच नाही," ती म्हणाली. "तो बोलला आणि मला तसंच दिसायला लागलं. निळे ओठ. खुर्ची. खरंच दिसलं गं. मग तुला काय सांगितलं होतं मी? पेज कधीची? त्या दिवसाची की दुसरी कुठली?"

 तिचं तरी काय चुकलं होतं? जिला समजत नाही म्हणून कोणी कधी विचारलं नाही, त्या पोरीला आता म्हातारपणी सगळे एकदम विचारायला लागले होते.

मला वाटलं, झालं, आता बाबांचं मत कायमचं पक्कं झालं. सुईनं बहीण गेली हे प्रत्यक्ष पाहणारीनं सांगितलं, म्हणजे प्रश्न मिटला. भावाच्या मुलीच्या दाताला कीड लागली आहे, तिलाही आता ते सुई घेऊ देणार नाहीत, म्हणून मी भावाशी बोलायचं ठरवलं आणि चामटोलीला गेले.

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांचा खालचा ओठ टरारून सुजला होता, आतून दातानं चावलेली जखम दिसत होती.

"हे काय झालं?"

"चावला मीच," ते म्हणाले. "दात काढला. सरकारी दवाखान्यात गेलेलो. घरी येऊन भाकर खाल्ली. ओठ कुठं हाय तेच कलेना, चावला गेला."

मला क्षणभर उलगडेना. मग उलगडलं. "बाबा, तुम्ही सुई घेतलीत?"

"घेतली."

"पण आत्यानं तर तुम्हाला सांगितलं की..."

"सांगितला तिनं."

"मग का घेतलीत?"

त्यांनी सुजलेल्या ओठाला बोट लावून पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी सांगतील, की बहिणीच्या बोलण्यावर विश्वास बसला नाही, की बसला म्हणूनच घेतली, की आता या वयात काय उरलंय. यातलं कुठलंही मी मान्य केलं असतं. पण त्यांनी खांदे उडवले.

"घ्यावीशी वाटली," ते म्हणाले.

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. लय वाटली. धडधडला." त्यांनी छातीवर हात ठेवला. "मंग त्या डॉक्टर पोरानं दात काढून हातावर ठेवला, तवा कललं की काढला."

आत जाऊन मी त्यांच्या ओठाला लावायला तूप आणलं. लावताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. भावाची मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, "आजोबा, मग मी घेऊ का सुई?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "डॉक्टरला इचार," ते म्हणाले. आणि ओठ दुखत असूनही त्यांनी गरम भाकरी मागितली.